तोंडातला चिंचोका

माझ्या सासूचं तोंड असं होतं, की समोरून ती आली तर गावातले गडीमाणसं वाट सोडून द्यायचे. नाव बसम्मा. माहेर देगलूरच्या पलीकडं, कन्नड मुलखात, म्हणून नाव असं. हळदीच्या टोळीची ती मुकादमीण. आमी बायांनी कुणाच्या वावरात कवा जायचं, किती सऱ्या धरायच्या, दुपारी कुठल्या झाडाखाली बसायचं, हे सगळं तिच्या जिभेवर चालायचं. मालकानं आवाज चढवला की ही कमरेला पदर खोचायची अन् त्याच्या आज्यापासून सुरुवात करायची. बापापर्यंत पोचेस्तोवर मालक गुमान घराकडं निघालेला असायचा.

टोळीला तिचं लई कवतिक. मला काय त्याचं? तेच तोंड संध्याकाळी घरी यायचं अन् माझ्यावर सुटायचं. भाकर करपली तर माझी माय, कच्ची राहिली तर माझा बाप. माझ्या पयल्या बाळंतपणात मी कळा देऊन राहिले होते, तवा ही उशाला बसून म्हणत होती, "कशाला बोंबलती गं सटवे? जगात तूच एकली बाळंत होऊन राहिली का?" लगीन होऊन या घरात आले तवापासून माझं तनुजा हे नाव तिनं सरळ घेतलं असेल तर मला आठवत न्हाई.

अशी ही बाई राखेच्या बुधवारी चर्चमधी उभी राहिली अन् म्हणली, "पास्टर, मी शिव्या सोडल्या."

आमचं चर्च म्हणजे गावाच्या कडेला पत्र्याची एक खोली. पास्टर उमरीहून फटफटीवर येतात. गेल्या वर्षीच्या शिंदीच्या पानांची राख त्यांनी सगळ्यांच्या कपाळाला लावली अन् इचारलं, लेंटच्या या दिवसांत, ईस्टरच्या आधीच्या चाळीस उपासांत, कोण काय सोडणार. कावेरीबाईनं मिसरी सोडली. माझा नवरा अंगद म्हणला, मटन सोडलं. आमच्या घरात रोज कोणतं मटन शिजून राहिलंय देव जाणे. पास्टर म्हणले, "वस्तू सोडणं सोपं हाय. माणूस आतून पालटला पायजे, त्यासाठी सोडा." तवा माझी सासू उठली. तिचं ऐकून अख्खं चर्च खाली माना घालून हसलं.

कावेरीबाई बाहेर आल्यावर म्हणली, "मंग बसम्मा, ईस्टरपर्यंत मुकीच राहणार का गं तू?"

सासूचं तोंड उघडलं. आता सुटती गाडी, असं मला वाटलं. पण तिनं ते तसंच मिटलं. चर्चसमोरच्या चिंचेखाली वाकली, एक चिंचोका उचलला, पदराला पुसला अन् तोंडात टाकला. शिवी यायला लागली की जिभेला तो लागल, अन् याद राहील, असा तिचा हिशेब.

तिनं हे का धरलं ते मला पक्कं ठाऊक होतं. देवासाठी न्हाई. गीतांजलीसाठी.

गीतांजली माझी ननंद. सासूची एकुलती एक लेक. तिनं धर्माबादच्या एका पोराशी लगीन केलं, पोरगा आपल्यातला न्हाई, चर्चचा न्हाई. ती नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली, तर सासूनं भर गल्लीत, लोकांच्या देखत तिला म्हणलं, "तुझी कूस कवाच भरू नये." मी दारात उभी होते. पोरीचं तोंड पांढरं पडलं होतं. दुसऱ्या वर्षी तिचं पयलं पोट पडलं. तवापासून तिच्या मनानं घेतलं, की मायच्या जिभेनंच तिचं लेकरू खाल्लं. पास्टरनं तिला समजावलं, असल्या शिव्यानं काही होत न्हाई म्हणून. पास्टरचं कोण ऐकतं? खरं सांगायचं तर सासूच्या मनानंबी तेच घेतलं होतं.

आता गीतांजलीला परत दिवस गेले होते अन् ते टिकले होते. पयलं बाळंतपण माहेरी असतं. राखेच्या बुधवारच्या आठवडाभर आधी अंगदनं फोन लावून तिला ये म्हणलं. तर तिनं फोन मला द्यायला लावला.

"वैनी, मला आईचं काही सांगू नको. ती आज रडंल अन् उद्या परत सुरू होईल. तिचं तोंड घरात तूच झेलती. ईस्टरला मी तुलाच फोन करीन. तू म्हणलीस सुधरलं, तर येईन. न्हाईतर माझं मी इथं बघीन. त्या जिभंच्या सावलीत मी लेकरू आणणार न्हाई."

फोनचा आवाज मोठा होता. सासू चुलीपाशी बसली होती, तिनं सगळं ऐकलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, अन् मग चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं करत बसली.

मला काय वाटलं ते सांगू? माझं टाळकं सरकलं. पोटची पोर हाय म्हणून लेंट धरलं. मी कोण? मी काय बाजारातून आणली होती? इतकी वर्षं मी शिव्या खाल्ल्या, माझ्यासाठी एक दिवस तरी कुणी तोंडात चिंचोका धरला का? अन् गीतांजली आली तर तिचं करणार कोण? शेक-शेगडी मी करायची, लंगोट मी धुवायचे. मी नुसतं "न्हाई सुधरलं" म्हणलं, की या कामातूनबी सुटते अन् सासूचीबी जिरती. म्हणलं, बघतेच आता ही बाई किती टिकती ते.

बुधवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या चहात साखरच टाकली न्हाई. तिनं एक घोट घेतला, माझ्याकडं पाहिलं. चिंचोका या गालातून त्या गालात गेला, दातावर वाजला. बाकीचा चहा तिनं तसाच पिऊन टाकला.

मी तिची पाण्याची घागर फोडली. फुटली न्हाई, फोडली. ती खापरं गोळा करत बसली. तिनं पत्र्यावर वाळत घातलेल्या सांडग्यांत मी शेळी सोडली. सांडगे शेळीनं खाल्ले, उरलेले तुडवले. सासू धावत आली, शेळीला हाकललं, अन् माझ्यासमोर अशी उभी राहिली की तिच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. मी वाट पाहत होते. शिवी आली न्हाई. तोंडात चिंचोका कडाकडा वाजत होता. मग ती घरामागं गेली अन् लई येळ आलीच न्हाई.

अंगद मला म्हणला, "कामून छळून राहिलीस गं तिला?"

"मी छळते?" मी म्हणलं. "तुमची माय मला इतकी वर्षं काय लोरी म्हणत होती का?"

तो गप झाला. त्याला गप बसणं चांगलं जमतं. ज्याची माय इतकं बोलती, त्याला दुसरं काय येणार?

घरात मी होते, अन् वावरात शेषेराव मालक होता. हळदीचे दिवस. पाला कापून झाला होता, कुदळीनं गड्डे उपटायचे, माती झटकायची, हळकुंडं मोडून येगळी करायची. दिवसभर उन्हात वाकून. हाताला बोटाच्या पेरापर्यंत पिवळं चढतं, ते भाकरीलाबी लागतं, लेकराच्या तोंडालाबी लागतं. शेषेरावला सासूची सवय होती, म्हणून पयले काही दिवस तो बांधावरच उभा राहायचा. मग त्याच्या ध्यानात आलं की बसम्मा बोलूनच न्हाई राहिली. आधी त्यानं प्यायच्या पाण्याचा जार घरी नेऊन ठेवला, म्हणला, मोटरीवर जाऊन प्या. मोटर वावराच्या त्या टोकाला. सासू उठली अन् चालत मोटरीवर गेली. मग त्यानं दुपारची आंब्याखालची जागा बंद केली, तिथं त्यानं कांदे पसरले. आमी उन्हात बसून भाकर खाल्ली. मग रोजच्या सऱ्यांवर दोन सऱ्या वाढवल्या. टोळीतल्या बाया सासूच्या तोंडाकडं बघायच्या. तिच्या तोंडात चिंचोका.

कावेरीबाई तापली. "बसम्मा, हे काय चालून राहिलं? तुझं लेंट झालं, अन् मरण आमचं."

मीबी म्हणलं, मोटरीवरून परत येताना, "आत्याबाई, शिव्या नका देऊ. पण बोला तर! पाणी द्या म्हणायला काय शिवी लागती का?"

ती थांबली. चिंचोका तळहातावर काढला. थुंकीनं ओला, झिजून गुळगुळीत झालेला.

"बोलायला तोंड उघडलं की शिवीच येती गं," ती म्हणली. "मला दुसरं बोलायला येतच न्हाई. आमच्या घरी कुणी बोललंच न्हाई दुसरं. माय तशी, आजी तशी. मालकाला शिवी दिली की तो हटायचा, म्हणून मी समजले हेच बोलणं."

तिनं चिंचोका परत तोंडात टाकला अन् कुदळ उचलली. मला दया यायला पायजे होती. मला राग आला. तुला येत न्हाई म्हणून आमी उन्हात बसायचं का, असं वाटलं.

त्या रविवारी उपासना झाल्यावर तिनं पास्टरला गाठलं. मी चपला शोधत होते, मला ऐकू आलं.

"पास्टर, तोंड बंद केलं, पण आत सगळं चालूच हाय. मालक दिसला की आत शिव्यांचं मोहोळ उठतं. बाहेर येत न्हाईत म्हणून आतच सडून राहिल्यात. मला तर पयल्यापेक्षा घाण वाटून राहिलं."

पास्टर म्हणले, "बाई, नुसतं बंद करून भागत न्हाई. ज्या-ज्या माणसाला शिवी दिली, त्याचं नाव घ्या अन् देवापाशी त्याच्यासाठी चांगलं मागा. एकेकाचं. मनापासून येईपर्यंत मागा."

"मनापासून आलं न्हाई तर?"

"तरी मागत राहा."

त्या दिवसापासून दिवेलागणीला ती भिंतीकडं तोंड करून गुडघ्यावर बसायची अन् नावं घ्यायची. ही भली मोठी यादी. गिरणीवाला, यष्टीतला कंडक्टर, कावेरीबाई, स्वतःचा मेलेला नवरा, जावई. जावयाचं नाव घेताना पयल्या दिवशी तिचे दात आवळले होते. शेषेरावचं नाव घेताना तर ती नुसतंच "तो... तो..." करत राहिली, अन् चौथ्या-पाचव्या खेपेला म्हणली, "देवा, त्याची गुडघेदुखी कमी कर." गीतांजलीचं नाव घेतलं की रडायची.

मी भाकरी थापता-थापता कान लावून बसायचे. माझं नाव कवा येतंय. रोज. गिरणीवाला येतो, कंडक्टर येतो, गल्लीतली ती कुत्रे पाळणारी म्हातारी येती. तनुजा येत न्हाई. एक दिवस न्हाई, दोन दिवस न्हाई. मी तव्यावर भाकर आपटायचे, तरी न्हाई. ज्या कंडक्टरला तिनं एकदा शिवी दिली त्याच्यासाठी देवाचं दार ठोठावून राहिली, अन् मला रोज दिली त्याचं काहीच न्हाई. माझा काही हिशेबच न्हाई का देवापाशी? त्या दिवसांत मी मनाशी पक्कं केलं. ईस्टरला फोन आला की सांगायचं, काही सुधरलं न्हाई, येऊ नको.

उत्तम शुक्रवार आला. त्या दिवशी दुपारी चर्चमधी लांब उपासना असती, प्रभूच्या वधस्तंभाची. दरवर्षी सासू आधीच मालकाला बजावून ठेवायची, सकाळीच काम आटपायचं अन् दुपारी आमी जाणार. या वर्षी शेषेरावनं त्याच दिवशी हळद शिजवायचा कुकर बोलावला. लोखंडी मोठमोठे डरम, खाली भट्टी, वाफेचा पाइप. कच्ची हळद डरमात भरायची, वाफेवर शिजवायची, येळंवर काढून उन्हात पसरायची. जास्त शिजली की हळकुंड पिचतं, आतला रंग जातो. म्हणून एकदा भट्टी पेटली की कुणाला हलता येत न्हाई.

आमच्यातल्या बहुतेक बायांचा त्या दिवशी उपास होता. वाफ तोंडावर येत होती, डोळे चुरचुरत होते. ऊन डोक्यावर आलं तशी कावेरीबाई सासूला म्हणली, "बसम्मा, जायचं सांग की त्याला."

सासू शेषेरावपाशी गेली. चिंचोका गालात सारून म्हणली, "मालक... आमाला... चर्चला..."

"काय पुटपुटून राहिली?" शेषेराव म्हणला. "पयले तर लई जोर होता तोंडात. आता देव आला का? शेवटचा डरम निघेस्तोवर कुणी हलायचं न्हाई."

ती परत आली अन् पाटी उचलली. मी तिच्याकडं पाहिलंच न्हाई. पाहिलं असतं तर मीच शिवी घातली असती.

तेवढ्यात शेषेरावची नजर माझ्या पदरावर गेली. वावरातली हळद उपटून झाली, की मातीत राहिलेली हळकुंडं टोळीनं येचून न्यायची, ही जुनी रीत. त्याला सरवा म्हणतात. कोणताच मालक सरव्याला आडवा येत न्हाई. मी सकाळी रिकाम्या सरीतून चार हळकुंडं येचली होती अन् पदराला गाठ मारून कमरेला खोचली होती. घरच्या भाजीपुरती.

"ते काय बांधलंय?" तो म्हणला.

"सरवा हाय, मालक."

"या वर्षी सरवा बंद केलाय मी. डरमापाशी राहून चोरून राहिली काय? सोड गाठ."

"मातीतला हाय. माती लागलेली हाय त्याला, बघा की."

"सोड म्हणलं ना. सगळ्यांसमोर सोड. अजून काय-काय खोचलंय ते बघू."

कुकरवाले गडी काम थांबवून बघायला लागले. एकजण हसला. माझे हात कमरेला गेले, पण गाठ सुटंना. बोटं पिवळी, घामानं ओली. डोळ्यांपुढं वाफ अन् अंधारी. इतकी वर्षं तोंडानं भांडणारी मी, त्या येळंला माझ्या तोंडातून शब्द निघाला न्हाई. शेषेराव दोन पावलं पुढं आला अन् त्यानं माझ्या पदराच्या टोकाला हात घातला.

माझ्या बाजूनं एक हात पुढं आला. सासूचा. तिच्या तळहातावर चिंचोका होता.

"हे धर," ती मला म्हणली.

मी धरला. कोमट होता.

मग ती शेषेरावकडं वळली. "अय भाड्या!"

ती एवढ्या जोरात ओरडली की भट्टीपाशी लाकडं सारणाऱ्या गड्याच्या हातातलं लाकूड पडलं. शेषेरावनं पदर सोडला. आता आज्यापासून सुरुवात होणार, असं मलाच काय, सगळ्यांनाच वाटलं.

पण सासू थांबली. तिचा जबडा हलत होता. कपाळावरून घाम गळत होता. ती उभ्या जागी काहीतरी शोधत होती, असं मला वाटलं. मग ती बोलली, हळू, एकेक शब्द दाताखालून काढत.

"ती माझी सून हाय. तिनं चोरी केली न्हाई. सरवा टोळीचा असतो. तिच्या पदराला परत हात लावायचा न्हाई. आज आमचा उत्तम शुक्रवार हाय. आमी जाऊन राहिलो."

बस. एवढंच. इतक्या वर्षांत मी तिला सलग इतकं बोलताना, अन् त्यात कुणाचा बाप न येताना, पयल्यांदा ऐकलं. तिनं पाटी डरमापाशी उलटी ठेवली अन् चालायला लागली. कावेरीबाई तिच्या मागं. मग सगळ्याच बाया. शेषेराव मागून ओरडला, "अवो, डरम शिजून राहिलाय! कोण काढणार? हळद पिचंल! बसम्माबाई! अवो, काही बोला तरी!" कुणी मागं पाहिलं न्हाई. त्याच्या वावरात आता आपल्याला काम न्हाई, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वाटेत सासू सगळ्यांच्या मागं राहिली. मी थांबले. ती रडत होती, नाक पदराला पुसत होती.

"मोडलं," ती म्हणली. "दोनच दिवस राहिले होते. मोडलं माझं."

"माझ्यामुळं मोडलं म्हणा ना," मी म्हणलं. "म्हणा की. सवयच हाय तुमाला."

"तुझ्यामुळं न्हाई. तुझ्यासाठी मोडलं." तिनं डोळे पुसले. "त्याचं वाईट न्हाई वाटत. गीताचं वाटतं. तिचा फोन आला की खरं सांग तिला. शिवी दिली म्हणून सांग. मला झाकू नको."

"मी कशाला झाकू तुमाला? तुमी माझ्यासाठी काय केलं?" माझा आवाज चढला, रस्त्यावर. "गिरणीवाल्यासाठी प्रार्थना केली. त्या मेल्या कंडक्टरसाठी केली. माझं नाव घेतलं का एकदा तरी? एकदा?"

ती माझ्याकडं बघत उभी राहिली. चर्चची घंटा वाजायला लागली होती.

"घ्यायला बसते रोज," ती म्हणली. "बाकीच्यांना एक दिली असंल, दोन दिल्या असतील. तुझं नाव घेतलं की किती दिल्या ते याद येतं, अन् माझी मान वर होत न्हाई. देवाला काय तोंडानं सांगू? म्हणून तुझं नाव राहून जातं, तनुजा."

मला रडू आलं न्हाई. मी रागातच होते. एवढ्या वर्षांचा राग एका वाक्यानं जात असतो का? पण तिनं माझं नाव सरळ घेतलं, हे माझ्या कानात राहिलं. आमी दोघी चर्चमधी गेलो. ती एकदम मागं, दारापाशी बसली. मी पुढं जाऊन बसणार होते. गर्दी होती, म्हणून मी तिच्याच बाजूला बसले. तिचा चिंचोका माझ्या मुठीतच राहिला होता, तो मी पदराच्या गाठीत हळकुंडांसंगं बांधला.

रविवारी पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेलो, पुनरुत्थानाची गाणी झाली, उजाडलं. सासू कुणाशी हसून बोलली न्हाई. घरी आलो तर फोन वाजून राहिला होता. अंगदनं तो उचलला अन् न बोलता माझ्या हातात दिला. सासू दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"वैनी, ईस्टर मुबारक," गीतांजली म्हणली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी इचारलं होतं ते सांग."

मी सासूकडं पाहिलं. तिनं मान हलवली, सांग म्हणून. माझ्या तोंडाशी वाक्य तयार होतं. न्हाई सुधरलं. खोटं बोलायचीबी गरज न्हाई, शुक्रवारी अख्ख्या टोळीनं ऐकलं होतं.

"शिवी दिली तिनं," मी म्हणलं. "परवाच दिली."

सासूनं डोळे मिटले.

"कुणाला?" गीतांजली म्हणली.

"शेषेराव मालकाला. त्यानं माझ्या पदराला हात घातला होता, चोरी केली म्हणून."

मग गीतांजलीनं इचारलं, "अन् तुला? तुला किती दिल्या?"

बिनसाखरंचा चहा. घागर. शेळीनं खाल्लेले सांडगे. तापलेल्या तव्यावर आपटलेल्या भाकरी. मी काय-काय केलं होतं ते मला सगळं दिसलं, अन् ती कडाकडा दात वाजवत घरामागं जाताना दिसली.

"मला?" मी म्हणलं. "राखेच्या बुधवारपासून एकबी न्हाई. अन् तिनं द्याव्यात म्हणून मी काही कमी केलं न्हाई."

तिकडं गीतांजली रडायला लागली. "मंग वैनी... मी येऊ का?"

"मला काय इचारती? मी काय घरधनीण हाय?" माझा आवाज कसातरीच झाला, म्हणून मी आणखी जोरात बोलले. "तुझ्या मायला इचार. अन् येताना जुनी लुगडी घेऊन ये, लंगोटाला इथं एक चिंधी न्हाई. मी काय माझ्या साड्या फाडणार न्हाई."

मी फोन सासूच्या कानाला लावला. अख्ख्या शिवारात जिच्या तोंडाला तोड न्हाई, त्या बाईचे ओठ नुसते हलत होते. शब्द निघंना.

"बोला की आता!" मी खेकसले. "लेंट संपलं."

"जेवलीस का माय?" सासू म्हणली. एवढंच तिला सुचलं.

मी तिथं थांबले न्हाई. बाळंतिणीची बाज माळवदावर पडून होती, ती खाली ओढली, अंगणात उन्हात उभी केली अन् काठीनं झोडायला लागले. सुंभातून ढेकणं पडायला लागली, ही ढेकणं! मी त्यांच्या आईबापाला अशी काही कचकचीत शिवी घातली की शेजारची म्हातारी कुडावरून बघायला आली.

"अगं तनुजा," सासू फोन कानाला तसाच धरून दारातून म्हणली, "आज सणाच्या दिवशी कशाला—"

"तुमी गप बसा, आत्याबाई," मी म्हणलं. "चिंचोका माझ्यापाशी हाय."